कोळशाच्या पिशवीत मोनॉक्साइड राहत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याहून सूनबाईने परवा फोनवर एक फोटो पाठवला. बाथरूमच्या खिडकीला हातरुमालाएवढी करड्या रंगाची कापडी पिशवी टांगलेली, आणि खाली ओळ: 'बाबा, तुमच्या काळजीचा बंदोबस्त केला.' पिशवीत बांबूचा कोळसा. बाजूलाच भिंतीवर सहा लिटरचा गॅस गीझर. माझी नजर मात्र पिशवीमागे गेली. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या घट्ट मिटलेल्या आणि थंडी येऊ नये म्हणून फटींवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला. फोटो मोठा करून पाहिला, तर मथळ्याची अक्षरं ओळखीची निघाली. आपलंच दैनिक.

फोन केला, तेव्हा कळलं की ही पिशवीसुद्धा आपल्याच पुरवणीतला मजकूर वाचून आणली होती. हिवाळ्यात घराची हवा शुद्ध कशी ठेवावी, या विषयावरचा तो मजकूर मी मागवून वाचला. त्यात दोन वाक्यं अशी आहेत की, सक्रिय कोळशाची असंख्य छिद्रं 'कार्बन मोनॉक्साइडसारखे घातक वायू शोषून घेतात', आणि 2025चं रसायनशास्त्राचं नोबेल 'अशाच कार्बन पिणाऱ्या स्पंजांना' मिळालं आहे. पहिलं वाक्य चूक आहे: मोनॉक्साइड म्हणजे गॅस अर्धवट जळला की निघणारा बिनवासाचा विषारी वायू, आणि कोळसा त्याला धरत नाही. दुसरं अर्धवट आहे, आणि पहिल्याला लागून आल्यामुळे तेही घातक झालं आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण पिशवीचा भाग कापू नका.

मी चंद्रपूरचा. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि नोकरी लागली ती कोळशाच्या खदानीत, भुईखालच्या. एकतीस वर्षांतली बहुतेक लॅम्प रूममध्ये गेली. लॅम्प रूम म्हणजे खाणीच्या तोंडाशी असलेली ती खोली, जिथून प्रत्येक माणूस टोपीचा दिवा आणि कमरेचा डबा घेऊन खाली उतरतो आणि शिफ्ट संपली की परत करतो. दिव्याबद्दल सगळे विचारतात. डब्याबद्दल कोणी विचारत नाही. त्याचं नाव सेल्फ रेस्क्यूअर. वजन किलोभर, पत्र्याचा, बंद. खाली आग लागली, धूर आला, की झाकण उचकटायचं, रबरी तोंडपट्टी दातांत धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि निघायचं. तासभराची सोय.

या डब्यांचं माझ्याकडे एक कंटाळवाणं काम होतं. ठरलेल्या मुदतीने प्रत्येक डबा तराजूवर ठेवायचा, पत्र्यावर कोरलेलं मूळ वजन पाहायचं आणि वहीत फरक लिहायचा. वजन काही ग्रॅमने वाढलं असेल तर डबा बाद. बाहेरून नवाकोरा दिसत असला तरी बाद. कारण वाढलेलं वजन हे पाण्याचं वजन. झाकणाच्या फटीतून दमट हवा आत गेली आणि आतल्या दाण्यांनी पाणी पिऊन घेतलं. पावसाळ्यानंतरच्या तपासणीत असे डबे जास्त निघायचे. नवीन आलेले साहेब विचारायचे, दोन थेंब पाण्याने काय होतं? त्यांना मी एवढंच सांगायचो, की त्या दाण्यांना पोट एकच आहे, आणि ते पाण्याने भरलं तर विषाला जागा उरत नाही.

ते दाणे कोळशाचे नाहीत, हे मुद्दाम सांगतो. मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांचं ते मिश्रण आहे, काळपट, खरबरीत. नाव हॉपकलाइट. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांतल्या लोकांनी ते बनवलं, आणि दोघांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून हे नाव पडलं. बनवावं का लागलं, तर गॅस मास्कमधला कोळसा कुचकामी ठरत होता म्हणून. त्या मास्कसाठी नारळाच्या करवंट्यांचा, फळांच्या कोयांचा उत्तम कोळसा करत. तो क्लोरीन अडवायचा, फॉस्जीनसारखी वायुअस्त्रं अडवायचा; पण तोफांच्या धुरातला मोनॉक्साइड त्यातून सरळ पार जायचा. म्हणजे आपल्या पुरवणीतल्या वाक्याचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लागलेला आहे.

हॉपकलाइटसुद्धा मोनॉक्साइड 'शोषत' नाही. तो त्याला तिथल्या तिथे, साध्या तापमानाला, हवेतल्या ऑक्सिजनशी जोडून कार्बन डायऑक्साइड करतो. थोडक्यात, धूर-ज्योत न दिसता जाळतो. जाळतो म्हणजे उष्णता आलीच. हवेत मोनॉक्साइड जितका जास्त, तितका डबा तापतो आणि तोंडात येणारी हवा भट्टीसारखी कोरडी लागते. एकदा आमच्याकडे गोफ, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेला भाग, आतून तापला आणि परतीच्या हवेच्या वाटेवर धूर आला. चौघे डबे लावून बाहेर आले. त्यांतल्या एका पोराने वाटेत दोनदा तोंडपट्टी काढली होती. वर आल्यावर तो भिंतीला टेकून ओकला, डोकं धरून बसला आणि म्हणाला, 'डबा पेटला असं वाटलं, भाऊ.' त्याला दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, वाचला. त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षणात मी एकच वाक्य तीनदा म्हणायचो: डबा गरम झाला म्हणजे तो काम करतो आहे, आणि तुमच्याभोवती विष आहे.

आता कोळसा त्याला का धरत नाही, ते सांगतो. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांच्या भिंतींचा पसारा हजार चौरस मीटरच्या घरात जातो, हे खरं आहे. पण पसारा म्हणजे पकड नव्हे. कोळशाची ओढ सौम्य असते. जे पदार्थ सहज द्रव होतात, ते त्याच्या छिद्रांत थबकतात: अत्तर, घाम, कुजका वास, पेट्रोलची वाफ. बेंझिन 80 अंशांना उकळतं, ते कोळशात गपकन बसतं. कार्बन मोनॉक्साइड उकळतो उणे 191 अंशांना. घरातल्या तापमानाला तो कोळशावर टिकतो तो अळवाच्या पानावर पाणी टिकावं तसा.

शिवाय त्याचा एक जुळा भाऊ आहे, नायट्रोजन. दोघांचा रेणुभार 28, दोघांत 14 इलेक्ट्रॉन, आकार जवळपास सारखा. नायट्रोजन उकळतो उणे 196 अंशांना. हवेचा चार-पंचमांश भाग हाच भाऊ असतो. कोळशाच्या एकेका छिद्रासमोर मोनॉक्साइडचा एक रेणू आणि नायट्रोजनचे शेकडो उभे असताना, कोळशाने निवडून मोनॉक्साइडलाच आत घ्यावं, ही अपेक्षा गर्दीच्या फलाटावर चेहरा न बघता माणूस ओळखण्यासारखी आहे. चाळणी लावून दोघे वेगळे होत नाहीत, कारण माप एक. थंड करून वेगळे करायचे तर उणे दोनशेच्या आसपास जावं लागतं. मोनॉक्साइड पकडणं अवघड का, याचं सगळं उत्तर या जुळेपणात आहे.

कार्बन डायऑक्साइडचं असं नाही. तो बराच सहज पकडला जातो, चुनाही त्याला धरतो. हा फरक मी पुस्तकात नाही, ऑरसॅटच्या काचेत पाहिला. आमच्या प्रयोगशाळेत लाकडी पेटीत बसवलेलं एक जुनं उपकरण होतं, ऑरसॅटचं. सील केलेल्या भागातली हवा तपासायला आम्ही ते वापरायचो. मोजलेली हवा एकापाठोपाठ तीन नळकांड्यांत ढकलायची. पहिल्यात कॉस्टिक पोटॅश: डायऑक्साइड तिथे राहतो. दुसऱ्यात पायरोगॅलॉल: ऑक्सिजन तिथे राहतो. आणि तिसऱ्यात अमोनिया मिसळलेलं क्युप्रस क्लोराइड, म्हणजे तांब्याचं मीठ: मोनॉक्साइड तिथे राहतो. पहिल्या दोन नळकांड्यांतून तो सुखरूप बाहेर येतो. आपल्या पुरवणीत 'कार्बन' हा एकच शब्द लिहून ज्यांना एका माळेत ओवलं, त्या दोघांना धरायला आम्हाला वेगळी नळकांडी आणि वेगळी द्रावणं लागत होती.

त्या तिसऱ्या नळकांड्यात आम्ही तांब्याच्या तारेची गुंडाळी टाकून ठेवायचो. न टाकली तर द्रावण हवेने निळं पडतं आणि मेलं म्हणून समजायचं. कारण तांब्याला मोनॉक्साइडची ओढ असते ती एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत. दुसराही गेला, की ते मोरचुदाचं तांबं झालं. रंगाने सुंदर आणि या कामाला निरुपयोगी. कोरड्या क्युप्रस क्लोराइडची पांढरी भुकटी कॉलेजात ज्यांनी पाहिली असेल, त्यांना बाटलीचं बूच सैल राहिल्यावर ती हिरवी कशी पडते हेही आठवत असेल. ही हिरवी भुकटी ध्यानात ठेवा, पुढे बाथरूममध्ये तिचं काम आहे.

मोनॉक्साइडला धरणारं सच्छिद्र द्रव्य बनवायचं, तर छिद्रांच्या भिंतीवर असे धातूचे पाट मांडावे लागतात. पाट म्हणतो ते पंगतीतले. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असेच लोखंडाचे चार पाट असतात. त्यांवर ऑक्सिजनने बसायचं, पेशींपर्यंत जायचं आणि उठायचं. मोनॉक्साइड त्या पाटावर बसतो आणि सहजासहजी उठत नाही. लोखंडाला त्याची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट. वर एक पाट अडवला, की उरलेल्या पाटांवरचा ऑक्सिजनसुद्धा पेशींना सुटत नाही. साध्या हवेत श्वास घेत राहिलं, तर अडवलेले निम्मे पाट मोकळे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1895 साली हा वायू स्वतः हुंगून त्याच्या नोंदी छापल्या, आणि खाणीत छोटा पक्षी न्यावा ही सूचनाही त्यांचीच. ब्रिटिश खाणींत कॅनरी 1986 पर्यंत होत्या. आमच्याकडचे जुने लोक मुनियांच्या पिंजऱ्याच्या गोष्टी सांगायचे. मी रुजू झालो तेव्हा मोनॉक्साइड ओळखणाऱ्या काचेच्या नळ्या आल्या होत्या.

रक्ताची ही खोड रसायनशास्त्रज्ञांनी उसनी घेतली. झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या भुकटीत क्युप्रस क्लोराइड मिसळून तापवलं, की ते मीठ छिद्रांच्या आतल्या भिंतींवर एकेका थराने पसरतं. पेकिंग विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी हे तंत्र कारखान्यापर्यंत नेलं. (झिओलाइट म्हणजे परदेशी काहीतरी, असं वाटू नये. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत त्याचे देखणे स्फटिक मिळतात; पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. कारखान्यात वापरतात तो मात्र बनवलेला.) दाब देऊन वायू आत सोडायचा, मोनॉक्साइड तांब्याला चिकटतो, नायट्रोजन पुढे जातो, मग निर्वात करून मोनॉक्साइड मोकळा करायचा. पोलाद कारखान्याच्या कन्व्हर्टरमधून निघणाऱ्या वायूत साठ-सत्तर टक्के मोनॉक्साइड असतो, झोतभट्टीच्या वायूत वीस-पंचवीस. तो नुसता जाळण्यापेक्षा वेगळा काढला, तर ॲसेटिक ॲसिडसारख्या रसायनांचा कच्चा माल होतो. उलटीकडे, इंधनघटासाठीच्या, म्हणजे वीज बनवायच्या, हायड्रोजनमध्ये मोनॉक्साइड 0.2 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.2 भाग) वर चालत नाही, कारण तिथल्या प्लॅटिनमलाही तो रक्तासारखाच गिळतो.

आता नोबेल. 8 ऑक्टोबर 2025 रोजी जाहीर झालेलं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मिळालं, ते धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बांधलेल्या जाळीदार स्फटिकांसाठी. इंग्रजी आद्याक्षरांनी एमओएफ म्हणतात. हा कोळसा नव्हे. कोळशाची छिद्रं म्हणजे भाकरीचे पापुद्रे, जिथे सुटतील तिथे. एमओएफची छिद्रं म्हणजे गवंड्याने ओळंबा लावून बांधलेल्या खोल्या. खोलीचं माप आणि भिंतीवरचा धातू आधी ठरवता येतो. रॉब्सन यांनी 1989 साली मेलबर्नला पहिली अशी जाळी बांधली, तीही योगायोगाने त्याच एक-इलेक्ट्रॉन-गमावलेल्या तांब्याची.

मोनॉक्साइडच्या बाबतीत यातली दोन कामं मला फार आवडली. कितागावा यांच्या क्योटोच्या गटाने 2014 साली तांब्याची एक लवचिक जाळी दाखवली. मोनॉक्साइडचे काही रेणू तांब्यावर बसले, की जाळी अंग चोरायची थांबते, जागा मोठी होते आणि बाकीचे भराभर आत येतात. नायट्रोजनसाठी ती असं करत नाही. जुळ्यांना ओळखणारं दार मिळालं म्हणायचं. मग 2017 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने लोखंडाची जाळी केली. तिच्यात एका अणूवर मोनॉक्साइड बसला, की शेजारच्या लोखंडाची चुंबकी अवस्था पालटते आणि तेही धरायला सज्ज होतं. हिमोग्लोबिनची चार पाटांची साखळी दगडात कोरावी, तसं. थोड्याशा तापमानबदलाने सगळे एकदम उठतात, म्हणून जाळी पुन्हा वापरता येते. पकडणं आणि सोडणं, दोन्ही जमणं हेच या विद्येचं मर्म. ज्याला सोडता येत नाही त्याचं काय होतं, ते आपलं रक्त दाखवतंच.

मग असली जाळी पिशवीत घालून बाथरूममध्ये टांगली तर? दुकानदाराने सूनबाईला जवळपास हेच सांगितलं होतं, 'नवीन टेक्नॉलॉजी आहे, मॅडम.' तर ऐका.

एक तर बाथरूम म्हणजे वाफ. माझ्या तराजूवरचा डबा पत्र्यात बंद असूनही दमट हवेने बाद व्हायचा. कापडी पिशवीतलं तांबं वाफेत किती दिवस टिकेल? मघाची हिरवी भुकटी आठवा. दुसरं, डब्यात हवा दाण्यांतून जाते, कारण छाती ती ओढते, एकेक श्वास. खिडकीला टांगलेल्या पिशवीतून हवा कोण ओढणार? ती आपली शेजारून जाते.

तिसरा हिशेब गीझरचा, आणि तो मी सूनबाईला फोनवर करायला लावला. बाथरूम दोन मीटर लांब, दोन रुंद, अडीच उंच. म्हणजे दहा घनमीटर हवा. सहा लिटरचा गीझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आंघोळीला दहा मिनिटं धरली, तर दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपला. खोलीतला पाचवा हिस्सा. पाठोपाठ दुसरी आंघोळ, मुलाची: आणखी दोन. आता बर्नरला हवा कमी पडते, ज्योत निळीची पिवळी होते आणि अर्धवट जळण्यातून मोनॉक्साइड निघू लागतो. हवेत तो हजारात एक भाग झाला, की या खोलीत दहा लिटर विष झालं, आणि तासाभरात धडधाकट माणूस कोसळू शकतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी आपल्या 1948च्या कारखाने अधिनियमातली मर्यादा 50 पीपीएमची होती. ही मात्रा तिच्या वीस पट. बरं, हे दहा लिटर एकदा काढून भागत नाही. बर्नर चालू आहे तोवर तो नवीन बनवत राहतो. गळका नळ उघडा ठेवून खाली स्पंज ठेवण्याचा हा प्रकार.

आणि तो येतो कसा, तर न सांगता. सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामुळे आपल्या घरांतून एक समज पक्का बसला आहे की गॅसचा धोका नाकाला कळतो. मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. हवेपेक्षा किंचित हलका, म्हणून खाली बसतो-वर जातो हे हिशेबही फोल. तो सगळीकडे मिसळतो. डोकं जड होतं, मळमळतं. आपण म्हणतो पित्त झालं. सूनबाईसुद्धा म्हणाली की गेल्या आठवड्यात डोकं धुतल्यावर दोनदा गरगरलं, 'उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून असेल'. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. पिशवी त्यानंतर आणली होती, म्हणजे आता घरात काळजीही उरली नव्हती.

मुलाला त्याच रात्री खिडकीचा कागद काढायला लावला. काचेच्या दोन पट्ट्या काढून जाळी बसवली, आणि येत्या रविवारी प्लंबर गीझर बाहेरच्या सज्जात नेतो आहे. आत फक्त गरम पाण्याची पाइप येईल. तोवर पाणी आधी बादलीत काढायचं, गीझर बंद करायचा आणि मग आंघोळीला जायचं. मोनॉक्साइडचा आवाज करणारा डिटेक्टरही मिळतो, तो घ्यायला सांगितला आहे. तो वायू शोषत नाही, नुसता ओरडतो. खाणीत एकतीस वर्षं मी ओरडणाऱ्या वस्तूंवर विसंबलो.

दुकानदाराशीही बोललो. नाव लिहीत नाही. त्याला त्यात काही ठाऊक नव्हतं, खोक्यावर छापलेलं तो वाचत होता. खोक्यावर 'हार्मफुल गॅसेस' असं मोघम लिहिलेलं आहे, मोनॉक्साइडचं नाव नाही. खोकं छापणारा निसटायला वाट ठेवून लिहितो. आपल्या पुरवणीने मात्र वायूचं नाव घेऊन हमी दिली.

तेव्हा विनंती अशी की, दुरुस्ती छापावी, आणि ती पुरवणीच्याच पानावर, जिथे मूळ मजकूर होता तिथे. मसुदा देतो: 'कोळशाच्या पिशव्या किंवा वास घालवणारी तत्सम साधनं कार्बन मोनॉक्साइड काढून टाकत नाहीत. गॅस गीझर, शेगडी वा जनरेटर बंद जागेत वापरू नये.' जागा उरलीच, तर पुढच्या वेळी 'कार्बन शोषणारं' असं लिहिण्याआधी कोणता कार्बन, मोनॉक्साइड की डायऑक्साइड, एवढं बातमीदाराला विचारायला सांगावं. संक्रांत उलटली तरी पहाटेची थंडी आहे. गावाकडे अजून शेगड्या खोलीत घेऊन झोपतात.

माझ्या टेबलावर एक बाद झालेला डबा आहे, निवृत्तीच्या दिवशी मागून घेतलेला. हे पत्र लिहिताना उगाच वजनकाट्यावर ठेवून पाहिला. कोरलेल्या आकड्याहून आता बराच जड भरतो.

सूनबाईने ती पिशवी चपलांच्या कपाटात टाकली आहे. तिथे उत्तम काम करते म्हणते, आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आपला,
एक निवृत्त लॅम्प रूमवाला,
चंद्रपूर